मायची गोळी आणि मी न विचारलेला प्रश्न

हे लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. आजारी मी नव्हतो, माझी माय होती, आणि ती लिहू शकत नाही. आजारामुळे नव्हे, तिला कोणी शिकवलंच नाही म्हणून. माझं स्वतःचं शिक्षण हिंदीतून झालं. मराठी मला येते ती घरात बोलतो तेवढीच, कागदावरची मराठी मी मागून पुस्तकं वाचून उचलली. चुका असतील. बालाघाटच्या आमच्या कॉलेजातले एक सर म्हणाले, "तुझ्या आईसारखी माणसं या जिल्ह्यातल्या आणखी घरांत असतील. त्यांना आपल्या भाषेत कोण सांगणार? लिही." मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा कागद फाडले. खरं लिहायचं तर माझ्या हातून जे झालं तेही लिहावं लागणार होतं. ते गाळून लिहिलेलं कोणाच्याच कामाचं नाही असं शेवटी वाटलं, म्हणून बसलो आहे. ज्यांना यातलं जास्त कळतं त्यांनी मला सांभाळून घ्यावं.

*

आमचं गाव किरनापूरच्या अलीकडे, सडकेपासून आत. घरात माय, बाबा, माझा मोठा भाऊ, वहिनी आणि मी. दादा उकव्याच्या खाणीत कामाला आहे, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. बाबा थोडी धानाची शेती करतात. माय लग्न होऊन आली तेव्हापासून बिड्या वळते. मी बालाघाटला खोली घेऊन कॉलेजात शिकतो. मॅट्रिकच्या पुढे गेलेला घरातला मी पहिलाच. गावात मला 'कॉलेजवाला' म्हणतात. कोणाचं सरकारी पत्र आलं की माझ्यापुढे आणून ठेवतात आणि मी जे सांगेन ते खरं मानतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ज्यांनी बिडी वळणारा माणूस जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. मांडीवर सूप असतं, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. पानावर तंबाखू पसरायची, अंगठा पहिल्या बोटावर घासत पान गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसभर तेच. माय हे न पाहता करायची. शेजारणीशी बोलताना, मला ओरडताना, डुलकी येत असतानासुद्धा तिची बोटं चालत असत.

त्यामुळे सूप बाजूला ठेवल्यावरही तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत राहतो, हे आम्हाला दिसलं तरी दिसलं नाही. वहिनीने एकदा हटकलं, "आत्याबाई, सूप तं उचललं मी. आता काय हवेची बिडी वळून राह्यल्या का?" माय हसली. आम्हीही हसलो. बाबा म्हणाले, "तीस बरसाचा हात हाय तो. एकदम कसा थांबन?"

दीड वर्ष आम्ही त्या बोटांकडे पाहून हसत होतो.

*

मग बिड्या बारीक व्हायला लागल्या. मायच्या हातची बिडी कारखान्यातला तपासणारा कधी बाजूला काढत नसे. आता तो जुडीतून दहा-दहा बिड्या काढून टाकू लागला. "बाई, ह्या काय काड्या हायेत का?" तो म्हणाला. मायला वाटलं तंबाखू ओली आहे. तिने दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ घेतला, तरी बिडी बारीकच.

चाल मंद झाली. विहिरीवरून येताना ती पाय उचलत नसे, घासत असे. आवाज बारीक झाला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे चेहरा. मायचा चेहरा मोठा बोलका होता, तो हळूहळू गप्प झाला. आमची शेजारीण काशीकाकू, जिच्याशी मायचं तीस वर्षांचं बसणं-उठणं, एक दिवस रुसून मला म्हणाली, "तुही माय माह्यावर नाराज हाय का रे? मी एवढी गंमत सांगतली, अन् ते माह्याकडे असी पाहे जसी मी तिचं काही चोरलं."

मी मायला विचारलं. ती हळूच म्हणाली, "नाई बापा. मी तं हसली. तिले दिसलं नाई का?"

बालाघाटच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सुया दिल्या, ताकदीचं औषध दिलं. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी मायला खुर्चीवरून उठायला सांगितलं. ती तीनदा पुढे झुकली आणि तीनदा मागे बसली. त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं, "नागपूरला दाखवा. उशीर करू नका."

*

बालाघाटहून गोंदियापर्यंत छोटी गाडी, तिथून मोठी. माय, बाबा आणि मी. नागपूरच्या त्या दवाखान्यात सकाळी नऊला बाकावर बसलो, आमचं नाव दुपारी दीडला पुकारलं गेलं. मोठे डॉक्टर वयस्क होते, केस पांढरे. त्यांनी मायला तपासायच्या आधी नुसतं पाहिलं. बराच वेळ. ती हात मांडीवर ठेवून बसली होती आणि अंगठा फिरत होता.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

बाबांना बरं वाटलं, की डॉक्टरसाहेबांनी सोपं काही विचारलं. ते म्हणाले, "ते तं बिडीचा हात हाय, साहेब. बिमारी पायात हाय तिच्या."

"बिडीचा हात," डॉक्टर म्हणाले. "बाबा, मांडीवर सूप आहे का तिच्या?"

"नाई."

"तंबाखू आहे? पान आहे?"

"नाई, साहेब."

"मग बोटं कशाला वळताहेत?"

बाबांनी मायच्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटतं आम्ही दोघांनी तो हात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मायने तो पदराखाली घेतला.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: पार्किन्सन. बाबांना ते म्हणता येईना, त्यांनी दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं. मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण तेवढंच ते सावकाश बोलले. मेंदूत एक रस तयार होतो, त्याच्यावर हातपाय हलतात. तो रस आटत चालला आहे. का, ते कोणालाच ठाऊक नाही. बिडीने नाही, कामाने नाही, कोणाच्या दोषाने नाही. आजार जाणार नाही. पण आता एक चांगली गोळी आहे. आधीही तेच औषध होतं, पण फार मोठ्या प्रमाणात द्यावं लागे आणि माणूस उलट्यांनी हैराण होई. आता त्याच्या जोडीला दुसरं औषध घालून गोळी करतात, त्यामुळे कमी औषध पुरतं. "काही वर्षं चांगली जातील," ते म्हणाले. "किती, ते मी सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर मायने विचारलं, "काय म्हने?"

बाबा म्हणाले, "दवाई हाय म्हने."

बाकीचं त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही. ती आमच्या बाजूला बसून सगळं ऐकत होती, हे आम्ही दोघं विसरलो होतो. ती नुसती हळू झाली होती, बहिरी नव्हे.

*

पंधरा दिवस तिला ठेवून घेतलं. बायकांच्या वॉर्डात मला रात्री थांबता येत नसे, मी आणि बाबा आवारातल्या धर्मशाळेत झोपत असू. पहाटे सहाला दार उघडलं की आत. त्या वेळी एक केरळी नर्स गोळ्यांची ट्रॉली घेऊन फिरायची. मायला ती उठवून बसवायची, गोळी द्यायची, अर्धा पेला पाणी. चहा सातला यायचा. मी हे रोज पाहत होतो. सहा आणि सात यांच्यामधल्या त्या तासाचा काही अर्थ आहे, असं मला कधी वाटलं नाही.

पहिले चार दिवस मळमळ. मग सहाव्या की सातव्या दिवशी मी आत गेलो तर माय खाटेवर बसून केस विंचरत होती. स्वतः. फणी हळू चालत होती, पण चालत होती. शेजारच्या खाटेवरची भंडाऱ्याची आजी मला म्हणाली, "पाह्य रे बाबू, तुही माय नवरी बनून राह्यली."

आणि माय हसली. ते आम्हाला दिसलं. बाबा खाटेच्या दांडीला धरून उभे होते, ते एकदम "पानी आनतो" म्हणून बाहेर गेले. पाण्याचा तांब्या भरलेलाच होता.

*

आता ती गोष्ट.

सुटी मिळण्याच्या दिवशी मोठे डॉक्टर नव्हते. एक तरुण डॉक्टर घाईत होते. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. इंग्रजीतून दोन-तीन वाक्यं बोलले, मग हिंदीतून एक, मग म्हणाले, "कॉलेजमध्ये आहेस ना? कळलं ना सगळं?"

मला अर्धंसुद्धा कळलं नव्हतं. किती गोळ्या आणि दिवसातून किती वेळा, हे कागदावर दिसत होतं. पण कधी घ्यायच्या, कशाबरोबर, काय खायचं, काय टाळायचं, हे मी विचारायला हवं होतं. मागे दहा माणसं उभी होती. आणि त्यांनी 'कॉलेजमध्ये आहेस ना' म्हटलं होतं. मी म्हणालो, "हो सर."

गाडीत बाबांनी विचारलं, "गोळी कशासंग द्याची?"

'मला माहीत नाही' हे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत. आमच्याकडे सगळे मानतात की मोठ्या डॉक्टरची गोळी गरम असते, आणि गरम गोळी दुधासोबत घ्यायची म्हणजे पोटात आग होत नाही. मलाही तसंच वाटत होतं. मी म्हणालो, "दुधासोबत. तिन्ही वेळ."

"डॉक्टरनं सांगतलं?"

"हौ."

*

आमच्याकडे दुधाचं जनावर नव्हतं. बाबांनी काशीकाकूकडे दूध लावलं. वहिनी पहाटे उठून धार काढायच्या वेळी तिथे जाऊन उभी राहायची, म्हणजे पाणी न घातलेलं मिळावं. सकाळी मोठा पेलाभर, दुपारी पेलाभर, संध्याकाळी पेलाभर. पेला संपल्याशिवाय माय उठणार नाही, असं बाबांचं सांगणं होतं. घरातल्या दुसऱ्या कोणी त्या दुधाचा चहासुद्धा प्यायला नाही. "दवाईचं दूध हाय," बाबा म्हणायचे.

मी बालाघाटला गेलो. तीन आठवड्यांनी आलो तर माय भिंतीला टेकून बसली होती आणि मी आत आलेलो पाहूनही तिचा चेहरा हलला नाही. बोटं फिरत होती.

ज्या घरात असा आजारी आहे त्यांना मी सांगायला नको, पण ज्यांच्याकडे आता सुरू झाला आहे त्यांच्यासाठी लिहितो. भीती एकदम येत नाही. ती छोट्या कामांतून येते. ब्लाउजचं बटण. भाताचा घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा सांडतो, मग आजारी माणूस लोकांसमोर जेवायचंच सोडतो. तोंडातून लाळ येते आणि त्याची लाज त्या कंपापेक्षा मोठी असते. खाटेवर कूस बदलायला दुसऱ्याला हाक मारावी लागते आणि हाक मारायला आवाज नसतो. मायच्या हाताशी आम्ही पितळी वाटी आणि चमचा ठेवला होता, वाजवायला. ती तो फार कमी वाजवायची. वहिनी म्हणायची, "वाजवत जा ना वो, आत्याबाई, मी काय झोपूनच राह्यते का?" माय म्हणायची, "थकली असन तू."

उंबऱ्यावर तर ती खिळून जायची. सरळ जमिनीवर कशीबशी चालायची, पण दारात आली की पाय जमिनीला चिकटायचे. बाबा मागून म्हणायचे, "चाल, चाल." तेवढ्याने ती आणखी घट्ट व्हायची. हे कोडं वहिनीने सोडवलं. तिने पाहिलं की अंगणातली सांडपाण्याची नाली माय सहज ओलांडते. पुढे काही ओलांडायचं असलं की पाय उचलतो. म्हणून तिने घर सारवल्यावर छुईच्या पांढऱ्या मातीने दारापाशी आडव्या रेघा ओढल्या, एकेक पाऊल अंतरावर. माय रेघ पाहायची आणि ती ओलांडायची. मग दुसरी. मग उंबरा. दाराबाहेर.

वहिनी चौथी शिकली आहे. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांना आम्ही मागून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे अगदी बरोबर आहे, करत राहा. मी इथे मुद्दाम लिहितो, कारण ज्याच्या घरी असा माणूस आहे त्याने आजच रेघा ओढून पाहाव्यात.

*

पण तीच वहिनी त्या दिवसांत सगळ्यांच्या नजरेत आली.

दवाखान्यात माय केस विंचरत होती, घरी येऊन बसून गेली. गोळी तीच. मग फरक कशाचा? गावात बोलणं सुरू झालं. काशीकाकू वाईट बाई नाही, पण एका दुपारी ती आमच्या ओट्यावर बसून बाबांना म्हणाली, आणि मी आतून ऐकलं, "मी काही म्हनत नाई, बापा. पन तिथं नर्स दे, इथं सून दे. हाताहाताचं असते."

"काय म्हनतेस, काशी?"

"मी कुठं काय म्हनली? थकली हाय पोरगी. दिवसभर सासूचं करून जीवावर येते कोनाच्याही. मनात येते. मनातलं दवाईत उतरते."

 त्याच संध्याकाळी वहिनी पेला आणि गोळी घेऊन आली तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "आन इकडे. आजपासून गोळी मी देतो."

वहिनी तशीच उभी राहिली. "काहून, मामाजी?"

"असंच."

तिला कळलं. तिने पेला खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि चुलीपाशी जाऊन बसली. रडली नाही. त्या दिवसापासून ती मायच्या खोलीत कामापुरती यायची, बोलायची नाही. दादा आला तेव्हा नवराबायकोत काहीतरी झालं. तो न जेवता उकव्याला परत गेला.

मी त्या वेळी काय केलं? काही नाही. मला तेव्हा माझी चूक माहीत नव्हती, हे खरं. पण वहिनीवर बोट जातं आहे हे मला दिसत होतं, आणि 'हे अंधश्रद्धेचं बोलणं आहे' एवढं म्हणण्याइतकं तरी मी शिकलो होतो. मी बालाघाटची बस पकडली.

*

दोन महिन्यांनी पुन्हा नागपूर. या वेळी मायला गाडीत चढवायला दोन माणसं लागली. बाबांनी मनात ठरवलं होतं, ते मला गोंदियाला म्हणाले, "या बारीले फरक नाई पडला तं बंद करू. देवाच्या हवाली."

मोठे डॉक्टर होते. त्यांनी मायला पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. जुना कागद वाचला. "इथून तर चालत गेल्या होत्या. गोळी चुकत तर नाही?"

"एक बी नाई, साहेब," बाबा म्हणाले. "टाइमशीर देतो. दुधाचाबी कधी नागा नाई केला."

"कसलं दूध?"

"दवाईचं. तीन टाइम, मोठा पेला. आपनच सांगतलं होतं ना."

"मी?" डॉक्टर म्हणाले. "दुधाचं मी कधी सांगितलं?"

बाबा माझ्याकडे वळले. अजूनही विश्वासाने. "हा कालेजात हाय, साहेब. यानं पुसलं होतं. सांग रे."

 मी म्हणालो, "मी विचारलं नव्हतं, सर. मी माझ्या मनाने सांगितलं."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते बाबांना म्हणाले, "हे बघा बाबा. दूध, डाळ, अंडं यांत जे सत्त्व असतं, ते आणि हे औषध एकाच दाराने आत शिरतात. दोघं एका वेळी आले की दारात गर्दी होते. सत्त्व आत जातं, औषध बाहेर राहतं. दूध वाईट नाही. पण गोळीसोबत नको. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. मग निदान अर्धा तास काही नाही. दूध, डाळ रात्रीच्या जेवणात द्या." मग म्हणाले, "हेच एक कारण असेल असं मी म्हणत नाही. आजारही पुढे जात असतो. तीन-चार आठवडे असं करून पाहा. तेवढ्यात फरक पडला नाही, तर ही गोळी यांना फारशी लागू होणार नाही असं समजावं लागेल."

हा सगळा वेळ माय माझ्याकडे पाहत होती. त्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नव्हतं. काय होतं त्याच्यामागे, मला अजून माहीत नाही, आणि विचारायचं धैर्य झालेलं नाही.

*

गोंदियाला छोट्या गाडीला उशीर होता. मायला बाकावर आडवं केलं. बाबा आणि मी खाली सतरंजीवर बसलो. बाबांनी मायच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "तुले मालूम नव्हतं, तं मालूम नाई म्हनाचं होतं."

मी सतरंजीची दशी ओढत राहिलो.

"आमाले तं रोजच काही ना काही मालूम नसते. बँकेत गेलं तं मालूम नाई, तहसिलीत गेलं तं मालूम नाई. 'साहेब, मालूम नाई, सांगा' म्हनतो. त्यात काय मरते मानूस?" त्यांनी मायकडे पाहिलं. "तुले कालेजात हे नाई शिकवत का?"

घरी पोचल्यावर त्यांनी पहिली गोष्ट ही केली की गोळ्यांची पुडी वहिनीच्या हातात दिली. माझ्यासमोर. "बाई, तिन्ही टाइम उपाशीपोटी, पान्यासंग. तूच दे. चूक तुही नव्हती," ते म्हणाले, आणि बैलांकडे निघून गेले. मी वहिनीची माफी मागितली. ती म्हणाली, "भाऊजी, मले काही नका सांगू आता. आत्याबाई उठू द्या, मंग सांगा."

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा बाबा सडकेपर्यंत आले. "परीक्षा हाय तुही. पेपर झाल्याशिवाय येऊ नको."

तो राग होता की काळजी, हे मला ओळखता आलं नाही. बस आली.

*

परीक्षेचे ते दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. घरून पत्र नव्हतं. मी दोन कार्डं टाकली, उत्तर आलं नाही. लिहिणार तरी कोण, बाबांना येत नाही आणि वहिनीने का लिहावं? किरनापूरवरून येणारी लांजीकडची बस दुपारी यायची, मी स्टँडवर जाऊन उभा राहायचो, गावचं कोणी उतरलं तर विचारायचो. एक जण म्हणाला, "बसली दिसली ओट्यावर." बसली म्हणजे कशी? भिंतीला टेकून, की आधाराशिवाय? त्याने पाहिलं नव्हतं. दुसरा म्हणाला, "तुह्या घराकडे गेलोच नाई." डॉक्टरांनी सांगितलेले चार आठवडे संपत आले होते. मी रात्री पुस्तक उघडायचो आणि पानावर आकडे मोजत बसायचो, आज किती दिवस झाले.

शेवटचा पेपर देऊन मी स्टँडवर गेलो, त्या दिवशी किरनापूरकडून आलेल्या बसमधून दादा उतरला. त्याला तिथे उकव्याची बस धरायची होती. हातात पिशवी, चेहरा त्रासलेला. मी धावत गेलो.

"दादा, घरी कसं हाय?"

"काय कसं हाय? तुही वहिनी गेली माहेरी."

"कधी?"

"पाच दिवस झाले. मले पुसलं बी नाई. मी घरी येतो तं बायको नाई. आनखी आठ दिवस येत नाई म्हने."

"भांडून गेली?"

"भांडून कायले जाईन? तिच्या भावाचं लगन हाय ना. मायनंच पाठवलं तिले. 'दोन बरसापासून गेली नाई, जा' म्हने."

मला नीट समजेना. मी विचारलं, "मग घरचं कोण पाहून राह्यलं? मायचं कोण करते?"

उकव्याच्या बसने भोंगा दिला. दादाने पिशवी काखेत मारली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही वेड्यासारखं विचारलं.

"कोन म्हंजे?" तो म्हणाला. "माय हाय ना." आणि जागा धरायला धावला.